अर्फजचं जळण

त्या एप्रिलमध्ये मला एका जागी बसवत नव्हतं. बाहेर रोज धूळ उठत होती. इथे आखातात, फरवानियातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्यांना टेप लावूनही वाळू थेट डाळीच्या डब्यापर्यंत पोचत होती. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार की आम्ही बोचकी बांधायची, हे कुणी धड सांगत नव्हतं. मुलगी शिकायला पुण्याला गेलेली. फोन केला की ती "आई, रिलॅक्स, आय ॲम फाइन" म्हणायची आणि मलाच घाई असल्यासारखा फोन ठेवायची. मी फ्रिज उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे, परत उघडायचे. "काय शोधतेयस?" नवरा विचारायचा. ते माहीत असतं तर सापडलं नसतं का?

अशा मनःस्थितीत माझ्या वाट्याला हज्जा आली. मी जाब्रियातल्या एका खाजगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्यांना उभं करायचं आणि उभ्यांना चालवायचं, हे माझं काम. हज करून आलेल्या बाईला इथे मानानं हज्जा म्हणतात, तशी आमच्या वॉर्डातली ही म्हातारी. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, हाड उत्तम जुळलं होतं. मांड्यांत ताकद होती. पलंगावर झोपून पाय उचल म्हटलं की असा उचलायची की समोरच्याला लाथ लागावी. फक्त उभी राहत नव्हती. वॉकर पुढे ठेवावा, कमरेला पट्टा बांधावा, "गूमी, हज्जा, गूमी," म्हणजे ऊठ, म्हणून मी अर्धी वर आणावी, की ती पिठाच्या पोत्यासारखी परत खाली बसायची.

"बाचिर," म्हणायची. म्हणजे उद्या.

तिचा उद्या काही उजाडत नव्हता. मला राग यायचा, हे मी लपवून ठेवत नाही. हाड जोडता येतं, भीती जोडता येत नाही असं आमचे डॉक्टर म्हणायचे, आणि खोलीबाहेर जायचे. खोलीत मी उरायचे.

दर गुरुवारी तिचा मुलगा यायचा. पन्नाशीचा, जाडजूड, शांत माणूस. खजुराचा डबा सगळ्या नर्सेसना पुरेल एवढा आणायचा. त्यानं मला एकदा तिच्यासमोरच सांगितलं, कारण तिच्यापासून लपवून काही बोलायची त्या घराची रीत नव्हती. वफ्र्याला त्यांचं शेत होतं, तिथे तिची खोली होती, शेळ्या होत्या, खजुराची झाडं होती. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली तर महिनाअखेर तो तिला तिकडे नेणार. नाही राहिली तर वरच्या मजल्यावरचा कायमचा वॉर्ड. शेतावर तिला उचलायला कोण आहे?

त्याचं काही चुकत नव्हतं. पण तो वरचा वॉर्ड मला माहीत होता. तिथे टीव्ही दिवसभर चालू असतो आणि कुणी बघत नसतं. तिथून पायांनी खाली आलेला माणूस मी पाहिलेला नाही. मुलगा बोलत होता तेव्हा हज्जा खिडकीकडे बघत होती. खिडकीतून गाड्यांचं पार्किंग दिसायचं, बस.

एका सकाळी मी पट्टा बांधत असताना तिनं विचारलं, "बाहेर अर्फज फुललं का?"

मला अर्फज ठाऊक होतं ते कागदावरचं. हे या देशाचं राष्ट्रीय फूल. मुलगी शाळेत होती तेव्हा दर फेब्रुवारीत ते तिच्या चित्रकलेच्या वहीत असायचं: हिरव्या काटक्या, वर पिवळे ठिपके. प्रत्यक्षात मी ते कधीच पाहिलं नव्हतं. वीसेक वर्षं या देशाचं अन्न खाऊन मी हज्जाला म्हणाले, "कोण जाणे."

ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली, जणू मी आईचं नाव विसरले आहे.

"मग आण," ती म्हणाली. "अर्फज आण, मी उभी राहते."

"नक्की?"

"वल्लाह."

रुग्णांशी असे सौदे करू नयेत असं आम्हाला शिकवतात. पण मी नाशिकची. मंडईत वाढलेल्या माणसाला समोरून दर आला की मान हलवल्याशिवाय राहवत नाही. मी मान हलवली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो तेलक्षेत्रात इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, रोज पहाटे वाळवंटात जाणारा. "अर्फज? ते आमच्याकडे चिक्कार आहे," तो ताटावरून मान वर न करता म्हणाला. "कुंपणाच्या आत. बाहेर औषधालाही नाही."

तेव्हा मला कळलं ते असं. हे झुडूप अरबस्तानाच्या या कोपऱ्यातलं. इथल्या आणि आसपासच्याच वाळूत रुजतं, जगात दुसरीकडे कुठे फारसं जात नाही. पूर्वी इथे मैलोन् मैल असायचं. मग उंटा-शेळ्यांनी ते मुळापर्यंत खाल्लं, हिवाळ्यात तंबू ठोकायला येणाऱ्यांच्या जीपगाड्यांनी उरलेलं चिरडलं. राहिलं ते तेलक्षेत्रांच्या कुंपणाआड, जिथे उंटालाही गेटपास लागतो.

"मग उद्या थोडं घेऊन या," मी म्हणाले.

"गेटमधून स्क्रू बाहेर काढायचा तरी सही लागते, अगं. मी काय लिहू? फुलं?"

"लिहा की फुलं."

"आणि कॉन्ट्रॅक्टचं टांगलेलं असताना?"

मी ताट जरा आपटूनच उचललं. आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. खरं तर त्याचं बरोबर होतं, आणि मला नेमका त्याचाच वैताग आला होता. वॉर्डात रोज हज्जा भुवया उंचावून विचारायची, मी म्हणायचे, "बाचिर." आता ती हसायला लागली होती. तिचंच हत्यार आता माझ्या तोंडी.

मग एका संध्याकाळी नवरा घरी आला आणि त्यानं जेवणाचा डबा सिंकमध्ये न टाकता माझ्या हातात दिला. सेफ्टीच्या साहेबांना त्यानं सरळ विचारलं होतं. ते म्हणाले होते, झाडाला हात लावू नकोस, चार फुलं घेतलीस तर आभाळ कोसळत नाही. डब्याच्या वरच्या कप्प्यात ओल्या रुमालाची घडी होती, आणि घडीत फुलं. बोराएवढी, पिवळीधमक, शेवंतीची हडकुळी धाकटी बहीण म्हणावी अशी. एकालाही देठ नव्हता. लहानपणी आईच्या पूजेसाठी सकाळी फुलं तोडायचं काम त्याच्याकडे असायचं. त्याच सवयीनं त्यानं नखानं फक्त फुलं खुडली होती, किडकी टाकून दिली होती, झटकून ओल्या फडक्यात बांधली होती. अगदी आपली फुलपुडी.

मला इतका आनंद झाला की दोन फुलं मी आधी देवापुढे ठेवली. आणि देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही, हे अंगातच मुरलेलं. त्यामुळे त्यानं तोडताना वास घेतला नव्हता, मी उघडताना घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुलपुडी हज्जाच्या मांडीवर सोडली आणि वॉकर पुढे ओढून उभी राहिले.

तिनं एक फूल उचललं. फिरवून बघितलं. नाकाशी नेलं. तिचं नाक हळूहळू आक्रसलं.

"लसूण," ती म्हणाली.

नवऱ्याच्या डब्यात खालच्या कप्प्यात लसणाची चटणी होती. मी कपाळावर हात मारला.

"हे काय आहे?"

"अर्फज!"

"कोंबड्यांना घालतात ते?" तिनं मूठभर फुलं उचलून परत रुमालात टाकली. "लाकूड कुठाय?"

"लाकूड?"

"अर्फज म्हणजे लाकूड, बिन्ती!" बिन्ती म्हणजे माझी लेक. ती मला तसं पहिल्यांदाच म्हणाली, आणि तेही चिडून. मग तिनं दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोडलं, मोळी केली, पाठीवर टाकली. ती तंबूत जन्मलेली. लहान असताना तिचं काम अर्फज गोळा करायचं. पावसात भिजलं तरी हेच पेटतं, म्हणाली, दुसरं कुठलंच पेटत नाही. आई त्यावर चहा करायची. धूर वेण्यांत बसायचा, आणि झोपताना स्वतःच्याच केसांचा वास घेत ती झोपायची. "फूल उंट खातो," ती म्हणाली. "फुलाचं मी काय करू?"

आम्ही दोघांनी जे बिनकामाचं धरलं होतं, नेमकं तेच तिला हवं होतं. मी वॉकर पुढे सरकवला, म्हटलं, फूल तर आणलं ना, शब्द दिलास ना. ती पलंगावर आडवी झाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवशी मी जिन्यात जाऊन रडले. म्हातारीसाठी रडले असं म्हणायला बरं दिसेल, पण त्यात सगळंच होतं: कॉन्ट्रॅक्ट, पुण्याचा फोन, डाळीतली वाळू. महिना संपत आला होता. मुलाच्या तोंडून वरच्या वॉर्डातल्या पलंगाचं बोलणं एकदा निघालं होतं.

शुक्रवारी मी नवऱ्याला म्हणाले, "गाडी काढा." त्यानं किल्ल्या उचलल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायकोच्या कुठल्या आवाजावर वाद घालायचा नाही, हे पुरुषाला कळतं.

शहर मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं उघडं-बोडकं होतं. टायरचे व्रण, फाटक्या ताडपत्रीचे तुकडे, हिवाळ्यातल्या तंबूवाल्यांच्या शेकोटीचा कोळसा. आणि मग तेलक्षेत्राचं कुंपण आलं. मी गाडीतून उतरून नुसती बघत राहिले. जाळीच्या अलीकडे टक्कल, पलीकडे गुडघाभर झुडपं, दूरवर पसरलेली, आणि सगळ्यांवर पिवळं. मध्ये एक तार, एवढंच.

"बिचारी कोंडून पडली आहेत," मी म्हणाले.

"कोंडलीत म्हणूनच जगली," तो म्हणाला. मला ते आवडलं नाही.

जाळीच्या पायथ्याशी वाऱ्यानं लोटून आणलेल्या, केव्हाच्या तुटून वाळलेल्या काटक्या साचल्या होत्या. मी खाली बसले.

"तोडू नको हं. बंदी आहे."

"तोडत नाहीये. वेचतेय."

तो रस्त्याकडे तोंड करून, राखण केल्यासारखा उभा राहिला. मग थोड्या वेळानं वाकला आणि माझ्याहून लांब काटक्या शोधायला लागला. या खेपेला मी वास घेतला. कडवट, धुळकट, थोडा औषधी. त्यात हज्जाला काय सापडतं ते मला सापडलं नाही. ओढणीत काटक्या बांधून आम्ही परत आलो. गाडीत खूप दिवसांनी आम्ही दोघं साध्या गोष्टींवर बोललो, भाजी कुठली घ्यायची वगैरे.

शनिवारी हज्जानं माझ्या हातातली ओढणी हिसकावूनच घेतली. एक काटकी मोडली. कट्ट असा आवाज आला. ती दुसरी मोडायला गेली आणि थांबली. काटक्या संपतील या धास्तीनं थांबली असावी.

"पेटव," ती म्हणाली.

"इथे? वर धुराचा भोंगा आहे. सगळं रुग्णालय रस्त्यावर येईल."

"मग कुठे?"

मी हेड सिस्टरकडे गेले. केरळची बाई, शिस्तीला कडक, पण वॉर्डातल्या प्रत्येकाचा खजूर तिच्याच हातानं वाटला जायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, स्वतःचा चहा पिऊन होईपर्यंत ती स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या जागेत बघायला येणार नाही. आणि पाण्याची बादली जवळ ठेव.

व्हीलचेअर ढकलत मी हज्जाला मागच्या दारानं बाहेर नेलं. तिथे कमरेएवढ्या उंचीचा सिमेंटचा कठडा होता. आग विझवायला भिंतीवर टांगलेली वाळूची लाल बादली काढून मी तिच्यातली वाळू कठड्यावर ओतली, तीवर काटक्या रचल्या. मला माहीत असलेली रचना एकच, होमाची. चार बाजूंना चार, त्यावर चार, मध्ये पोकळी. हज्जा खुर्चीतून बघत होती आणि जीभ टाळ्याला लावून च्च च्च करत होती. मी लक्ष दिलं नाही. काडी ओढली, वाऱ्यानं विझली. परत ओढली, परत विझली. सिस्टरचा चहा काही समुद्राएवढा नव्हता. पण मी तयारीची बाई. घरून देव्हाऱ्यातल्या कापराची डबी पर्समध्ये टाकून आणली होती. दोन वड्या पोकळीत ठेवल्या आणि काडी लावली. भक्कन ज्वाळा उठली. मी विजयानं तिच्याकडे वळले.

कापराचा वास आपल्याला आरतीचा. तो आला की आपले हात आपोआप जुळतात. हज्जाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"काफूर?" तिनं विचारलं. अरबीतही तो शब्द जवळपास तोच आहे. "तू काफूर टाकलंस?"

मी हसून मान डोलावली.

तिच्या लोकांत कापूर मेलेल्या माणसाला लावतात. शेवटची आंघोळ घालताना पाण्यात घालतात. आईला घातला, नवऱ्याला घातला, एका मुलीलाही घातला, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की तिनं खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की स्वयंपाकघरातले आचारी खिडकीशी आले.

"मी मेले नाही!" ती ओरडली. "ऐकलंस? मी अजून मेलेली नाही!"

आणि ती उठली.

पट्टा बांधलेला नव्हता. मी तिच्यापासून दोन हात लांब होते. वॉकर मी सवयीनं पुढे ठेवला होता, तो तिनं असा पकडला, जणू माझीच मान पकडते आहे. एक पाऊल, दुसरं, आणि ती कठड्यापाशी. मी मागून तिच्या कमरेजवळ हात नेले, पण लावले नाहीत; कामातलं जे काही शहाणपण माझ्यात होतं, ते त्या क्षणी एवढंच करू शकलं. एका हातानं वॉकर धरून तिनं दुसऱ्या हातातल्या काटकीनं जळता कापूर वाळूवर उडवला, वर वाळू लोटली. माझा होम मोडून टाकला. मग वारा कुठून येतो ते गालानं पाहिलं, अंगानं आडोसा केला, बारीक काटक्या मुठीएवढ्या गोळा करून त्यांचा चिमणीच्या घरट्यासारखा गुंता केला आणि हात पुढे केला. मी काडेपेटी दिली. काडी मीच ओढून धरली, तिचा एक हात गुंतलेला होता. एकाच काडीत अर्फज पेटलं.

ते भुर्रकन पेटतं आणि लवकर संपतं. पण धूर येतो तो वेगळा. मला काटक्यांत न सापडलेला वास त्या धुरात होता, हे मी कबूल करते. गोडसर, थोडा तिखट. तिनं धुरात तोंड धरलं, डोक्यावरची काळी ओढणी जरा मागे सारली आणि केसांना धूर लागू दिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. धुरामुळे असेल किंवा नसेलही.

मला तिला खाली बस म्हणायचं होतं. इतके आठवडे न उभी राहिलेली बाई, पहिल्या दिवशी एवढं पुरे असतं. पण मी पुन्हा तिच्या कमरेजवळ हात धरून उभी राहिले.

ती तशीच, धुराकडे बघत म्हणाली, "तुझी आई काय जाळायची?"

मी आठवून पाहिलं. नाशिकची आमची दोन खोल्यांची जागा, ओटा, ओट्याखाली लाल सिलिंडर. या प्रश्नाला सुंदर उत्तर असायला हवं होतं. माझ्याकडे नव्हतं.

"गॅस," मी म्हणाले.

हज्जा माझ्याकडे वळली. तिला आधी पटलंच नाही. "गॅस?"

"गॅस."

ती हसायला लागली. पोट धरून, तोंड उघडून, एक दात नसलेलं ते हसू. तिच्या देशातलं तेल आणि गॅस काढायला माझा नवरा रोज पहाटे उठून जातो, हे तिला ठाऊक होतं. "गॅस!" ती खिडकीतल्या आचाऱ्यांना ओरडून सांगत होती, "हिची आई गॅस जाळायची!" आणि हसता हसता, इथल्या बायका जोक झाला की करतात तशी, तिनं टाळीसाठी हात पुढे केला. एक नाही, दोन्ही.

वॉकर तिच्यापुढे नुसता उभा होता. त्याला कुणी धरलेलं नव्हतं. ती तिच्या दोन पायांवर उभी होती, आणि हे तिला माहीत नव्हतं.

मी दोन्ही हातांनी टाळी दिली. अगदी हळू, तिला धक्का लागणार नाही अशी.